परळची बाटली, पित्तनलिकेची गाठ

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कर्करोगाचा अभ्यास म्हणजे बव्हंशी मेलेल्या पेशींचा अभ्यास होता. शस्त्रक्रियेत काढलेली गाठ फॉर्मॅलिनच्या बरणीत पडे, मेणाच्या ठोकळ्यात बसे, तिचे पातळ काप काचपट्टीवर रंगवले जात आणि विकृतिशास्त्रज्ञ सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून तिची जात सांगे. जात बरोबर असे. पण ही गाठ कशावर पोसते आणि कोणत्या औषधाने मरते, हे त्या कापाला विचारून उपयोग नव्हता. त्यासाठी गाठ शरीराबाहेर जिवंत ठेवायला हवी होती. मुंबईत हा उद्योग सुरू झाला परळला, आणि त्याचा धागा आज पित्तनलिकेच्या कर्करोगापर्यंत येऊन पोचला आहे.

टाटा मेमोरियल रुग्णालय उघडले २८ फेब्रुवारी १९४१ रोजी. मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने गेल्या, पुढच्या वर्षी पती दोराबजीही गेले; त्यांच्या विश्वस्त निधीतून हे रुग्णालय उभे राहिले. प्रयोगशाळांची जबाबदारी आली डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे. क्वेट्ट्यात जन्मलेले, लंडनला विकृतिशास्त्र शिकलेले, ग्रँट मेडिकल आणि जी. एस. मेडिकल अशा मुंबईच्या दोन्ही जुन्या महाविद्यालयांत शिकवलेले हे गृहस्थ. त्यांची नजर काचपट्टीवर थांबत नसे. १९४५ साली त्यांनी आणि सूर्याबाईंनी मिळून एक शोधनिबंध लिहिला. त्यात लोकांच्या सवयींतून होणाऱ्या कर्करोगांची नोंद आहे, आणि त्यांतला एक म्हणजे धोतराचा कर्करोग. वर्षानुवर्षे कमरेला त्याच जागी घट्ट कसलेले धोतर, घाम, घर्षण, तिथली कातडी काळी आणि जाड होत जाणे, आणि शेवटी तिथेच व्रण. पाश्चात्त्य पुस्तकात हे सापडणे शक्य नव्हते, कारण पुस्तक लिहिणाऱ्यांनी धोतर नेसलेले नव्हते.

रोग कुठून येतो याचे उत्तर खानोलकर माणसांच्या राहणीत शोधत होते. पण पेशी नेमकी बिघडते कशी, हे कळायला बिघडणारी पेशी डोळ्यांसमोर हवी. १९५२ साली परळलाच इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर निघाले आणि खानोलकर त्याचे संचालक झाले. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या एका पुणेकर संशोधिकेने पुढचे काम अंगावर घेतले.

कमल समर्थ यांचा जन्म पुण्यात ८ नोव्हेंबर १९१७ रोजी झाला. वडील दिनकर दत्तात्रेय समर्थ फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवत. मुलीने डॉक्टर व्हावे आणि डॉक्टरशीच लग्न करावे, अशी त्यांची इच्छा होती. मुलीने दोन्ही केले नाही. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात तिने सीताफळाच्या कुळातल्या वनस्पतींच्या गुणसूत्रांवर काम करून पदव्युत्तर पदवी घेतली, आणि १९३९ साली लग्न केले ते गणिती ज. त्र्यं. रणदिवे यांच्याशी. मुंबईत आल्यावर त्या खानोलकरांच्या प्रयोगशाळेत शिरल्या. १९४९ साली मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळाली आणि खानोलकरांनी त्यांना बाहेर जायचा आग्रह धरला. त्या गेल्या बाल्टिमोरला, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात, जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत.

गाय यांची प्रयोगशाळा त्या काळी पेशीसंवर्धनाची पंढरी होती. मानवी पेशी काचेत वाढवण्याचा त्यांनी वर्षानुवर्षे ध्यास घेतला होता, आणि बहुतेक पेशी काही दिवसांत मरत होत्या. १९५१ च्या फेब्रुवारीत हेन्रिएटा लॅक्स नावाच्या कृष्णवर्णीय महिलेच्या गर्भाशयमुखाच्या गाठीचा तुकडा त्यांच्याकडे आला. त्या पेशी मेल्या नाहीत, वाढतच गेल्या. हेला नावाने त्या जगभर पसरल्या. तुकडा घेताना बाईंना कुणी विचारले नव्हते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्या वारल्या. गाय यांच्याकडून रणदिवे शिकून आल्या ते या विद्येचे हस्तकौशल्य. परळला परतल्यावर त्यांनी प्रायोगिक जीवशास्त्राची आणि ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. भारतातली ही या प्रकारची पहिली प्रयोगशाळा मानली जाते.

काम नेमके काय होते, तेही पाहायला हवे, कारण रणदिव्यांचे नाव आज बहुधा 'पहिल्या महिला' अशा यादीत येते आणि हाताने केलेले काम मागे पडते. ताजा तुकडा निर्जंतुक द्रावणात धुवायचा, कात्रीने बारीक करायचा, काचेच्या बाटलीच्या तळाशी बसवायचा, वर रक्तद्रव आणि क्षार मिसळलेले पोषक पाणी घालायचे आणि ३७ अंशांच्या उबेत ठेवायचे. दर दोन-तीन दिवसांनी पाणी बदलायचे. बुरशीचा एक कण शिरला की सगळे गढूळ. मुंबईच्या पावसाळ्यात हे सांभाळणे म्हणजे काय, ते ज्याने केले त्यालाच ठाऊक. या प्रयोगशाळेतून उंदरांच्या स्तनाच्या कर्करोगावर काम झाले. आयसीआरसी नावाची उंदरांची एक जात तिथे वाढवली गेली. तिच्यात स्तनाचा कर्करोग वारंवार होई, म्हणून आनुवंशिकता, संप्रेरके आणि विषाणू यांचे नाते तिच्यात तपासता येई. कुष्ठरोग्याच्या गाठीतून मिळालेला, आयसीआरसी नावानेच ओळखला गेलेला जंतू १९५८ साली बापट, रणदिवे आणि खानोलकर यांनी प्रयोगशाळेत वाढवला. लसीसाठी पुढे त्याचा उपयोग करून पाहिला गेला. १९६६ साली संशोधन केंद्र आणि रुग्णालय एकत्र येऊन टाटा मेमोरियल सेंटर झाले. त्या वर्षापासून १९७० पर्यंत रणदिवे संशोधन केंद्राच्या प्रमुख होत्या. १९७३ साली भारतीय महिला वैज्ञानिकांची संघटना स्थापन करणाऱ्यांत त्या होत्या. १९८२ ला पद्मभूषण मिळाले. निवृत्तीनंतर त्या अकोले तालुक्यातल्या आदिवासी मुलांच्या पोषणाच्या मोजणीत गुंतल्या.

पण बाटलीत वाढलेल्या पेशींमध्ये एक मूलभूत खोट होती, आणि ती जगभर सगळ्याच प्रयोगशाळांत होती. सपाट काचेवर, नंतर प्लॅस्टिकवर, ज्या पेशी तगतात त्या निवडून आलेल्या असतात. जोमदार, उतावळ्या, बाटलीला सरावलेल्या. मूळ गाठीतल्या शेजारणी मरून गेलेल्या, आकार चपटा झालेला, आणि शेकडो पिढ्यांनंतर मूळ रुग्णाशी नाते नावापुरते. को ८६०३२ या एकाच वाणाचा ऊस तपासून साऱ्या बारामती तालुक्यातल्या पिकांवर औषध ठरवावे, तसा हा प्रकार. त्यात हेलाची घुसखोरी. १९६६ साली स्टॅन्ली गार्टलर यांनी दाखवले, की वेगवेगळ्या अवयवांच्या म्हणून वापरल्या जाणाऱ्या कितीतरी पेशीवाणांत प्रत्यक्षात हेलाच शिरलेली आहे. निरोगी यकृताच्या म्हणून वर्षानुवर्षे वापरल्या गेलेल्या 'चँग लिव्हर' पेशीही अखेर हेलाच निघाल्या. यकृतावरचे म्हणून छापलेले कितीतरी निबंध त्यामुळे गर्भाशयमुखाच्या गाठीवरचे ठरतात.

ही खोट सर्वांत महागात पडली ती थोड्या आणि विखुरलेल्या रुग्णांच्या रोगात. पित्तनलिकेचा कर्करोग त्यांतलाच.

पित्त यकृतात तयार होते. केसाएवढ्या नलिकांतून ते मोठ्या नलिकांत येते, यकृताच्या दाराशी उजवी आणि डावी नलिका मिळतात, पुढे पित्ताशयाची नलिका येऊन मिळते आणि एक जाड नळी लहान आतड्याच्या सुरुवातीला उघडते. या मार्गावर कुठेही गाठ होऊ शकते, आणि जागेप्रमाणे रोगाची चालच बदलते. येल विद्यापीठातील जेराल्ड क्लॅट्स्किन यांनी १९६५ साली यकृताच्या दारातल्या गाठींच्या १३ रुग्णांचे वर्णन केले. तिथली गाठ लहान असतानाच पित्त अडवते, म्हणून कावीळ लवकर होते. यकृताच्या आतल्या बारीक नलिकेतली गाठ मात्र मुठीएवढी होईपर्यंत गप्प राहू शकते. कारणेही निराळी. ईशान्य थायलंडमध्ये नदीतले कच्चे मासे खाण्याने पोटात जाणारा यकृतकृमी हे मोठे कारण. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९९४ साली त्याला निश्चित कर्ककारक म्हणून जाहीर केले. जपानमधल्या ओसाका इथल्या एका छापखान्यात तरुण कामगारांना हाच रोग झाला, तेव्हा बोट गेले शाई पुसण्याच्या द्रावणातल्या डायक्लोरोप्रोपेनकडे. नाव एक, वाटा अनेक.

आपल्याकडे तो कसा भेटतो? कोऱ्हाळे बुद्रुकसारख्या गावात डोळे पिवळे झाले की आधी काविळीचे झाडपाल्याचे औषध देणाऱ्याकडे जायची वहिवाट आहे. बहुतेक काविळी विषाणूंच्या असतात आणि आपोआप उतरतात, म्हणून औषधाला यश मिळते. न दुखणारी कावीळ, अंगभर खाज, गडद लघवी, पांढरट मळ, झरझर उतरणारे वजन, हे मात्र नळी तुंबल्याचे लक्षण. त्यात पथ्यपाण्याचे चार आठवडे जातात. मग बारामतीत सोनोग्राफी, पुण्याला सीटी स्कॅन, आणि शेवटी फाइल घेऊन परळ. मुक्काम दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत. तोवर बहुतेकांची गाठ शस्त्रक्रियेच्या पलीकडे गेलेली असते. दुर्बिणीतून नळीत स्टेंट बसवून पित्ताला वाट करून दिली जाते आणि औषधे सुरू होतात.

मोजणीतही हा रोग विखुरतो. मुंबईची कर्करोग नोंदणी १९६३ पासून आहे. बार्शीला १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण नोंदणी सुरू झाली, आणि खेड्यांतल्या कर्करोगाचे खरे आकडे प्रथम तिथून कळले. पण आंतरराष्ट्रीय वर्गवारीत यकृताच्या आतल्या पित्तनलिकेची गाठ यकृताच्या खात्यावर जाते, बाहेरची वेगळ्या खात्यावर, आणि पित्ताशयाची आणखी तिसऱ्या. त्यामुळे या रोगाचे रुग्ण किती, याचे एकच उत्तर नोंदवहीत सापडत नाही.

औषधोपचारांत उलट झाले. तिथे सगळे एकाच मोटेत बांधले गेले. ब्रिटनमधल्या एबीसी-०२ या चाचणीचे निष्कर्ष २०१० साली आले. ४१० रुग्ण, त्यांत पित्तनलिकेचे, पित्ताशयाचे, नळीच्या मुखाशी गाठ असलेले, सगळे. एकट्या जेमसिटाबिनवर मध्यवर्ती आयुष्य ८.१ महिने, सिसप्लाटिनची जोड दिल्यावर ११.७ महिने. साडेतीन महिन्यांच्या या फरकाने जगभरचा उपचार ठरला आणि पुढे दशकभर तोच राहिला. इतक्या वेगवेगळ्या गाठींना एकच औषध देण्याला दुसरा पर्याय नव्हता, कारण त्या गाठी एकमेकींपासून वागण्यात कशा निराळ्या, हे तपासायला जिवंत गाठ कुणाकडे नव्हती.

वाट निघाली ती भलत्याच ठिकाणी, नेदरलँड्समध्ये, आतड्याच्या अभ्यासातून. उट्रेख्टमध्ये हान्स क्लेव्हर्स यांच्या प्रयोगशाळेने २००७ साली आतड्याच्या मूळपेशींची खूण शोधली. २००९ साली तिथे काम करणाऱ्या तोशिरो सातो यांनी अशी एकेक मूळपेशी सपाट प्लॅस्टिकवर न ठेवता जेलीच्या थेंबात ठेवली. ही जेली उंदराच्या एका गाठीपासून काढतात. शरीरात पेशी ज्या पापुद्र्यावर बसतात त्याचीच द्रव्ये तिच्यात असतात. सोबत वाढीचे मोजके संदेश देणारी प्रथिने. पेशीने स्वतःच पोकळी केली, कप्पे केले, आतड्याची छोटी प्रतिकृती उभी केली. तिला ऑर्गनॉइड म्हणतात. वर्तमानपत्रांना 'इवलेसे यकृत', 'इवलासा मेंदू' असे मथळे फार आवडतात. पण त्यात रक्तवाहिन्या नसतात, मज्जातंतू नसतात, प्रतिकारपेशी नसतात. अवयवाच्या एका अस्तराची ती नक्कल, इतकेच. मात्र पूर्वीच्या बाटलीत जे हरवत होते, म्हणजे पेशींची मांडणी आणि त्यांचा आपापला स्वभाव, ते इथे टिकत होते.

यकृताकडे हे तंत्र आणले मेरित्चेल ऊक यांनी. २०१३ साली उंदराचे आणि २०१५ साली माणसाचे यकृत-ऑर्गनॉइड वाढले. गंमत अशी, की जेलीत भराभर वाढल्या त्या पित्तनलिकेच्या अस्तरातल्या पेशी. पित्तनलिकेच्या अभ्यासकांना हे वरदान होते आणि डोकेदुखीही. कारण गाठीचा तुकडा लावला, तर त्यात चिकटून आलेल्या निरोगी नलिकापेशी आधी फोफावतात आणि कर्कपेशींना मागे टाकतात. महिन्याभराने कळते, की आपण इतके दिवस रोग्याची निरोगी नळीच सांभाळत होतो. ऊक यांच्या केंब्रिजमधल्या गटाने यावर इलाज काढला. तुकडा विकरांत अधिक वेळ ठेवायचा, निरोगी पेशींना लागणारे काही पोषक संदेश सुरुवातीला तोडायचे, आणि उपाशीपोटीही तग धरणाऱ्या कर्कपेशी निवडून घ्यायच्या. २०१७ साली त्यांनी जाहीर केले, की यकृतपेशींचा कर्करोग, पित्तनलिकेचा कर्करोग आणि या दोन्हींचा मिश्र कर्करोग, अशा तिन्ही जाती या पद्धतीने वाढतात, आणि एकाच पोषक पाण्यात महिनोन्‌महिने वाढूनही आपापली ओळख सोडत नाहीत. मिश्र जात मिश्रच राहते. उंदरात लावली, तर मूळ रुग्णासारखीच गाठ धरते. औषधांच्या चाळणीतून ईआरके नावाची साखळी अडवणारे एक संयुग हाती लागले, जे आधी या रोगासाठी कुणाच्या यादीत नव्हते.

त्याच वर्षी सिंगापूरकरांच्या पुढाकाराने दहा देशांतल्या ४८९ पित्तनलिका-गाठींची जनुकीय छाननी प्रसिद्ध झाली. चार गट निघाले. कृमीमुळे झालेल्या गाठींत ईआरबीबी-२ आणि टीपी-५३ या जनुकांचे बिघाड अधिक. कृमीविना झालेल्यांपैकी एका गटात आयडीएच-१ चे बदल आणि एफजीएफआर-२ ची जोडतोड. दुसऱ्या बाजूने विकृतिशास्त्रज्ञ यकृतातल्या गाठींचे दोन प्रकार करू लागले होते, बारीक नलिकेच्या आणि मोठ्या नलिकेच्या. आयडीएच आणि एफजीएफआरचे बिघाड बारीक नलिकेत, केरासचे मोठ्या नलिकेत, असा साधारण कल दिसला. आता औषधही जातीप्रमाणे देता येऊ लागले. अमेरिकेत एप्रिल २०२० मध्ये एफजीएफआर-२ च्या जोडतोडीवर पेमिगाटिनिब मंजूर झाले, ऑगस्ट २०२१ मध्ये आयडीएच-१ वर आयव्होसिडेनिब. खानोलकरांच्या काचपट्टीवर ज्या दोन गाठी जवळपास सारख्या दिसल्या असत्या, त्यांना आता वेगळ्या गोळ्या आहेत.

जनुकांची यादी आणि जिवंत गाठ यांची सांगड घालणे हा पुढचा टप्पा. लंडनमध्ये २०१८ साली ७१ रुग्णांकडून घेतलेल्या ११० तुकड्यांवर काम झाले. आतडे, जठर-अन्ननलिका आणि पित्तनलिका यांचे पसरलेले कर्करोग त्यांत होते. ज्या औषधाने रुग्णाला गुण आला, त्याने ऑर्गनॉइडही मेले, असे तिथे प्रत्येक तपासलेल्या जोडीत दिसले. जे औषध रुग्णात फसले, ते ऑर्गनॉइडमध्येही ९३ टक्के वेळा फसले. आकडे देखणे आहेत, पण पित्तनलिकेचे रुग्ण त्यांत थोडे होते, हे विसरू नये. टोकियोतल्या केइओ विद्यापीठाने २०१९ साली पित्तमार्गाच्या गाठींचे ऑर्गनॉइड वर्षाहून अधिक काळ टिकवले आणि आधीच बाजारात असलेल्या औषधांच्या साठ्यातून चाळणी केली. वर आली ती अ‍ॅमोरोल्फिन आणि फेन्टिकोनॅझोल, म्हणजे नखांवरच्या नि कातडीवरच्या बुरशीची औषधे. ती रुग्णांना द्यावीत असे याने सिद्ध होत नाही. पण दुर्मीळ रोगासाठी नवे औषध कुणी करेना, तेव्हा जुन्या औषधांत धुंडाळायची सोय झाली.

महाराष्ट्रात या इतिहासाचे काय झाले? परळच्या संशोधन केंद्राचे बिऱ्हाड २००२ साली खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकमध्ये हलले. तिथली प्रयोगशाळांची इमारत आज खानोलकर शोधिका म्हणून ओळखली जाते. भारतात पित्तमार्गाचा मोठा प्रश्न पित्ताशयाच्या कर्करोगाचा, गंगेच्या खोऱ्यातला. परळला येणाऱ्या रुग्णांत तिकडचे खूप. २०१७ साली शरयू म्हात्रे, राजेश दीक्षित आणि सहकाऱ्यांनी त्या रुग्णांच्या जनुकांत एबीसीबी-१ आणि एबीसीबी-४ यांच्याजवळचे फरक शोधले. एबीसीबी-४ पित्तात स्निग्ध पदार्थ पोचवते, म्हणजे बिघाडाचे मूळ पित्ताच्या घडणीतच असू शकते. हा धागा पुढे नेऊन तपासायला आपल्याच रुग्णांच्या पेशी लागतील. थायलंडच्या कृमीची किंवा युरोपातल्या रोग्याची गाठ वाढवून बिहारच्या पित्ताशयाचे उत्तर मिळणार नाही. धोतराच्या कर्करोगाच्या वेळी खानोलकरांना हेच दिसले होते.

मार्च २०२३ मध्ये केंद्र सरकारने नवीन औषधे व चाचण्यांच्या नियमांत दुरुस्ती केली आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांबरोबर ऑर्गनॉइडसारख्या मानवी पेशींच्या पद्धतींनाही जागा दिली. कागदावर दार उघडले. खर्चाचे काय, हा प्रश्न उरतोच. जेली आणि वाढीची प्रथिने बहुतांशी आयात होतात, थंडगार पेटीतून यावी लागतात, आणि एका रुग्णाची गाठ औषधे तपासण्याइतकी वाढायला कित्येक आठवडे लागतात. ११ महिन्यांच्या मध्यवर्ती आयुष्यात ते आठवडे लहान नाहीत. म्हणून आज वाढवलेली गाठ बहुधा त्याच रुग्णाच्या उपयोगी पडत नाही. तिचा फायदा त्याच जातीची गाठ घेऊन नंतर येणाऱ्याला. संमतीपत्रात हे रुग्णाला त्याच्या भाषेत समजेल असे लिहिलेले असावे लागते. हेन्रिएटा लॅक्स यांच्या वाट्याला जे आले, त्यानंतर एवढे तरी बदलले.

दुसरी अडचण तुकड्याचीच. शस्त्रक्रिया झाली तर गाठ मिळते, आणि शस्त्रक्रिया होते थोड्यांची. उशिरा पोचलेल्या रुग्णाची गाठ प्रयोगशाळेत येतच नाही, आणि ऑर्गनॉइडचे साठे मग लवकर सापडलेल्या गाठींनीच भरतात. यावर एक तोड दिसते आहे. स्टेंट घालताना नळीतून जे पित्त खेचून काढले जाते, त्यात अस्तराच्या सुटलेल्या पेशी असतात. २०१९ साली अमेरिकेत पित्तनलिकेच्या जुनाट दाहाच्या रुग्णांच्या अशा पित्तातून ऑर्गनॉइड वाढवले गेले. त्यासाठी पोट उघडावे लागले नाही. स्टेंट आता पुण्यातच नव्हे, जिल्ह्याच्या ठिकाणीही बसतो, आणि ते पित्त एरवी बेसिनमध्ये ओतून दिले जाते.